दार उघडल्यावरचं वाक्य

सुरुवातीलाच सांगून टाकते, हे मी देवनागरीत लिहीत नाहीये. मला येत नाही. म्हैसूरच्या आमच्या जुन्या मराठी घरांत मराठी बोलतात आणि कन्नड अक्षरांत लिहितात. विठ्ठलाच्या देवळातल्या अभंगांच्या वह्या बघा, पानंच्या पानं मराठी आणि अक्षर सगळं कन्नड. शाळेत हिंदी होती, तिथं ही अक्षरं शिकता आली असती, पण हिंदीच्या बाईंचं आणि माझं कधी पटलं नाही, त्यामुळे ते तास मी वर्गाबाहेरच काढले. तेव्हा मी माझ्या अक्षरांत लिहिते आणि बोगादीला राहणारी माझी भाची, शाळेत नीट हिंदी शिकलेली, ते उतरवून देते. मध्ये मध्ये ती आपल्या हिंदीवरून सुधारायला बघते. तिला बजावलंय, एक शब्द जरी हलवलास तर दिवाळीचा ब्लाउज दुसरीकडून शिवून घ्यायचा. अष्टे, बस्स.

मी शिंप्याची लेक आणि स्वतःही शिवते. बायकांचे ब्लाउज तर आहेतच, पण गोकुलमला योग शिकायला येणारे परदेशी लोक ढगळ पायजमे शिवून घेतात, तेही माझ्याकडं येतात. एकेक माणूस सहा फुटी, आणि म्हणतो काय, पायजमा पोटाला आवळायला नको, पण डोक्यावर उभं राहिलं की घसरायलाही नको. करा आता! असला पहिला पायजमा बेतत होते तेव्हा अप्पांनी तो उचलून उजेडात धरला आणि म्हणाले, "हा तर आमच्या राक्षसाचा."

कारण अप्पा नाटक कंपनीचे शिंपी. कंपनी म्हणजे तंबू, पडदे, पेट्या, नटनट्या, आचारी सगळं घेऊन गावोगाव फिरणारी कन्नड नाटक कंपनी. राज्यं भाषेप्रमाणे नव्यानं आखली गेली तशी हुबळी-धारवाडकडची गावंही आमच्याच राज्यात आली, आणि कंपनी तिकडं चार-चार महिने मुक्काम ठोकू लागली. अप्पा तिकडं, आम्ही इकडं. दुसऱ्या अंकात राजाचा अंगरखा फाटायचा, तिसऱ्यात देवीची चोळी उसवायची, म्हणून प्रयोगभर अप्पा विंगेत उभे. सदऱ्यावर डाव्या छातीला दोरा ओवलेली सुई टोचलेली. पुढं कंपनी बुडाली, अप्पा घरी बसले, वय झालं, तरी अंघोळ करून धुतलेला सदरा घातला की पहिली सुई तिथं जायची, मग बटणं.

विंगेत उभं राहून राहून अप्पांना सगळी नाटकं पाठ झाली होती. कंपनीचा प्रॉम्प्टर पोटभर जेवला की पेंगायचा. नट अडला की अप्पाच तिथून हळूच पुढचं वाक्य सोडायचे, आणि होता होता ते काम त्यांच्याच गळ्यात पडलं. त्याची अशी खोड लागली की कुणी बोलता बोलता थांबलं तर अप्पांना सहनच व्हायचं नाही. लग्नात भटजी जरा अडले की मागून अप्पा. देवळात अभंग म्हणणारा अडखळला की अप्पा. एकदा शेजारच्या बाई आईला आपल्या सुनेचं सांगत होत्या, सांगता सांगता जरा घुटमळल्या, तर अप्पांनी आतल्या खोलीतून त्यांचं वाक्य पुरं केलं. बाई महिनाभर आमच्या दारात फिरकल्या नाहीत.

एवढी नाटकं झाली, पण समोर खुर्चीत बसून अप्पांनी एकही पाहिलं नाही. म्हणायचे, समोरून दिसते ती कापडाची सुलटी बाजू, शिवण कशी आहे ते बघायचं तर उलटी बघावी.

माझ्याकडं त्या दिवसांतलं आहे ते फार थोडं, आणि तेही झोपेतलं. चार महिन्यांनी अप्पा यायचे ते पहाटेच्या गाडीनं. मी चार-पाच वर्षांची असेन. कडी वाजायची. आईच्या बांगड्या उठायच्या, मग दाराचा अडसर सरकायचा, मग वरची कडी. दार उघडलं की गार हवा आत यायची आणि तिच्याबरोबर कोळशाच्या इस्त्रीचा वास, म्हणजे अप्पांचाच. मग आई एक वाक्य बोलायची. दर वेळी तेच. त्यावर अप्पा हळूच हसायचे, आणि थोड्या वेळानं माझ्या अंगाखाली दोन हात यायचे आणि मी वर उचलली जायचे. ते वाक्य कुठलं, ते मला काही केल्या आठवत नव्हतं. सूर तेवढा पक्का आठवत होता, खाली सुरू व्हायचा आणि वर जायचा, रागावल्यासारखा, पण त्यात राग नसायचा. शब्द मात्र झोपेनं खाऊन टाकले होते.

आई गेली तेव्हा मी पंचेचाळिशीला आलेली. लग्न केलं नव्हतं, अप्पांजवळच राहत होते. अप्पा रडले नाहीत. तेराव्याची पंगत उठली, पाहुणे गेले, आणि संध्याकाळी अप्पांनी मला विचारलं, "ऊट आयता?" जेवलीस का, हे कन्नडात. मी म्हटलं, हो जेवले. मला वाटलं, सगळा दिवस बाहेरच्या माणसांशी कन्नड बोलले, तेच जिभेवर राहिलं असेल. पण दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मी मराठीत विचारायचं, अप्पांनी कन्नडात उत्तर द्यायचं. भाऊ बोगादीला, त्याची बायको कन्नड, पोरं कन्नड-इंग्रजी, तिथं प्रश्नच नव्हता. आमच्या घरात मात्र मी सोडून मराठी बोलणारं कुणी उरलं नाही.

मी भांडले. मला दुःख झालं की मी भांडते, हा माझा स्वभावच आहे. एके दिवशी अगदी मशिनीसमोर उभी राहून विचारलं, "माझ्याशी का बोलत नाही तुम्ही घरचं?" अप्पांनी वर न बघता कन्नडात सांगितलं, ते बोलणं तिच्याशी होतं, ती गेली. मी म्हटलं, "आणि मी काय दगड आहे?" त्यावर त्यांनी पायाखालचं मशीन सुरू केलं. दीड वर्ष असं गेलं. मला अप्पांच्या तोंडून घरचं बोलणं एकदा ऐकायचं होतं. दुसरं काही म्हणता काही नको होतं. पुढं जे केलं ते सगळं तेवढ्यासाठी केलं.

वर्तमानपत्रात जाहिरात आली होती. प्रांतातल्या भाषांमध्ये नवी नाटकं लिहून घेण्याचं शिबिर, पाच महिने, दर रविवारी दुपारी, म्हैसुरातच एका जुन्या बंगल्यात. अट एकच, नाटक आपल्या घरात बोलतात त्या बोलीत हवं. मार्गदर्शकांना जी पसंत पडतील ती शेवटी नट लोक रंगमंचावर उभं राहून, सगळ्यांसमोर वाचून दाखवणार. मी आयुष्यात मापांच्या वहीपलीकडं काही लिहिलं नव्हतं. पण डोक्यात एकच आलं, नाटक म्हटलं की अप्पा येतील. आपलं बोलणं रंगमंचावरून कानी पडलं तर कदाचित बोलतीलही. मी अर्ज टाकला. मराठीसाठी आलेला तो एकुलता एक अर्ज, त्यामुळे निवड झाली. वासरांत लंगडी गाय शहाणी म्हणतात, इथं तर वासरंही नव्हती.

त्या रविवारांची मला अजून स्वप्नं पडतात. बंगल्याला लांब पडवी, लाल गुळगुळीत फरशी, पाय ठेवला की गार. आम्ही दहा-बाराजण. कुणी तुळू, कुणी कोडव, एक कोंकणी बाई, एक उर्दू बोलणारे निवृत्त मास्तर, बाकीचे कन्नड. शिबिराच्या प्रमुखांना सगळे मेष्ट्रु म्हणायचे, म्हणजे गुरुजी. मेष्ट्रूंची पद्धत अशी, ज्यानं जे लिहिलंय ते त्यानं आपल्या बोलीत मोठ्यानं वाचायचं, अर्थ मागाहून सांगायचा. बाहेर झाडांत वारा, आत कुणीतरी तुळूमध्ये सासूचं भांडण वाचतंय, मला त्यातलं एखाद-दुसरं वाक्य कळतंय, डोळे मिटायला लागलेत, आणि तरी ती सासू मला लख्ख दिसतेय. कधी डुलकी लागायची आणि जागी व्हायचे तेव्हा कोडवांचं लग्न चाललेलं असायचं. कोण कुठल्या घरात आहे तेच कळायचं नाही. फार सुख होतं त्यात. मी आठवडाभर पायजमे शिवायचे आणि रविवारची वाट बघायचे.

लिहायचं मात्र जमत नव्हतं. पहिला महिना मी नुसती भांडणं लिहून नेली. मेष्ट्रु म्हणाले, हे तुझं झालं, घर कुठं आहे?

मग एका रविवारी आम्हाला बसमधून तलकाडला नेलं. चपला काढून वाळूतून चालायचं. वाळूखाली देवळं आहेत, काही उकरून काढलेली, काही अजून खाली. मेष्ट्रूंनी सगळ्यांना लांब लांब बसवलं आणि सांगितलं, डोळे मिटा आणि तुम्हाला आठवतो तो सगळ्यांत जुना आवाज ऐका. मी म्हटलं, अय्यो, यासाठी एवढ्या लांब यायचं होतं? माझ्या परकराच्या नेफ्यात वाळू गेली होती आणि मला भूक लागली होती. पण बसले. तळहात वाळूत खुपसले. वरची वाळू तापलेली, खालची गार. कावेरीवरून वारा येत होता. जागी होते की झोपले होते, देव जाणे, पण बांगड्या वाजल्या. अडसर सरकला. वरची कडी निघाली, आणि भर दुपारी माझ्या अंगाला पहाटेची गार हवा लागली. आई बोलली. तोच सूर, खालून वर जाणारा. मी श्वास रोखून शब्दांची वाट बघितली. ते आले नाहीत.

परतीच्या बसमध्ये मी लिहायला सुरुवात केली आणि महिन्याभरात नाटक झालं. एक शिंप्याचं घर. नवरा कंपनीबरोबर गेलेला, बायको चार महिने त्याची वाट बघते. गिऱ्हाइकांशी बोलते, पोरांना रागावते, विठ्ठलाला रागावते, बंद पडलेल्या मशिनीला तर फारच रागावते. शेवटी पहाटे कडी वाजते. ती अडसर काढते, दार उघडते आणि काहीतरी म्हणते. इथं माझी लेखणी थांबली. "आलात?" लिहिलं, खोडलं. "किती वाळलात" लिहिलं, खोडलं. आठ-नऊ वाक्यं लिहिली असतील, सगळी खोटी. माझी आई तसलं काही म्हणणारी नव्हेच.

मी अप्पांना विचारलं. ते काज करत होते. म्हटलं, "अप्पा, तुम्ही कंपनीतून परत यायचात, आई दार उघडायची, तेव्हा काय म्हणायची हो?" अप्पांचा हात थांबला. मग पुन्हा टाका घातला. "नेनपिल्ल," म्हणाले. आठवत नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय? घरात माणूस बसलाय आणि मी वाळूत शोधत फिरतेय. पण कळसा बोलायलाच तयार नाही, त्याला काय करणार?

तिसऱ्या महिन्यात मराठी नाटक बघायला म्हणून पुण्याहून एक बाई आल्या. तिकडं नाटकांचं मोठं काम केलेल्या, स्वच्छ पांढरी साडी, बोलणं एकदम इस्त्री केलेलं. मी त्यांच्या हातात वही दिली. त्यांनी ती उघडली, चष्मा वर केला, खाली केला, दोन पानं उलटली. "ही कन्नड वही दिलीत तुम्ही. मराठी कुठाय?"

"हीच मराठी."

बाई माझ्याकडं बघतच राहिल्या. मला खरंच त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आमच्याकडं सगळे असंच लिहितात, मला वाटलं पुण्याच्या बाईंना ठाऊक असेल. आता पंचाईत अशी, की बाईंना भाषा येते पण अक्षर वाचता येत नाही, मेष्ट्रूंना अक्षर न् अक्षर वाचता येतं पण अर्थ लागत नाही. सगळी पडवी हसायला लागली. मला रडू यायला लागलं होतं, म्हणून मी रागावून बसले, स्वतः वाचून दाखवायलाही तयार होईना.

तोडगा मेष्ट्रूंनीच काढला. वाचनासाठी नट यायचे, त्यांत एक तरुण नटी होती, कन्नड, मराठीचा एक शब्द न येणारी. त्यांनी वही तिच्या हातात दिली आणि म्हणाले, दिसतंय तसं वाच. ती वाचायला लागली. बाईंनी डोळे मिटले. परक्या मुलीच्या तोंडून माझ्या आईचं बोलणं येत होतं. जोर भलत्याच ठिकाणी पडत होता, रागाचं वाक्य लाडानं येत होतं, पण शब्द आईचे होते. माझ्या घरातून गेलेले शब्द त्या लाल फरशीवर दुपारचे चालत होते. मी पदर तोंडात धरून बसले.

वाचन संपल्यावर बाईंनी डोळे उघडले. म्हणाल्या, नाटक चांगलं आहे. पण हे मोदलु, स्वल्प, सुम्ने असले कन्नड शब्द काढावे लागतील. मोदलु म्हणजे आधी असेल, तर आधीच लिहा ना. पुण्यात हे कळणार नाही.

"पुण्याला कोण चाललंय?" मी म्हटलं.

"अहो, तुमच्या भल्यासाठी सांगतेय."

"माझी आई जन्मभर मोदलु म्हणाली," मी म्हटलं, आणि आवाज माझ्या हातात राहिला नाही. "तिला सुधारायची असेल तर मोदलु तिला उठवून आणा. मग खुशाल सुधारा."

मला वाटलं झालं, आता आपलं नाटक गेलं बाराच्या भावात. बाईंनी बराच वेळ पदराचा काठ बोटांत फिरवला. मग त्या नटीला म्हणाल्या, "पुन्हा वाच गं." दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर म्हणाल्या, यातलं काही बदलू नका. मोठ्या मनाची बाई. मी तेव्हा त्यांची क्षमा मागितली नाही, इथं मागते.

फक्त शेवटाविषयी त्यांनी विचारलं. दार उघडल्यावर ती काय म्हणते? मी खरं ते सांगितलं, की म्हणायची काहीतरी, मला आठवत नाही. बाई आणि मेष्ट्रु एकमेकांकडं बघून एकदमच म्हणाले, मग रिकामंच ठेवा. ती दार उघडते, बोलायला तोंड उघडते, थांबते. मेष्ट्रु म्हणाले, मी तिला मनात दहापर्यंत मोजायला लावतो, मग दिवे जातील. प्रेक्षक आपापलं वाक्य घालून घेतील. नाटक म्हणून ते बरोबरच असणार, ती शहाणी माणसं होती. पण प्रेक्षकांच्या वाक्याशी मला काय करायचंय? मला माझ्या आईचं हवं होतं. मी वहीत लिहिलं, "थांबते," आणि वही मिटली.

नाटक वाचनाला पसंत पडलं. मी घरी येऊन अप्पांना सांगितलं, माझं नाटक आहे, रविवारी चार वाजता यायचं. आपल्या भाषेतलं आहे हे मुद्दामच सांगितलं नाही, नाहीतर आलेच नसते.

त्यांनी कन्नडातच विचारलं, "कपडे कोण शिवतंय?"

"कपडे नाहीत अप्पा. नुसतं हातात वही धरून वाचायचं."

"मग मी येऊन काय करू?"

आता आली का पंचाईत! समोर खुर्चीत बसायला या असं म्हटलं असतं तर सात जन्मांत आले नसते. मग मी म्हटलं, तिथला काळा पडदा खालून उसवलाय, कुणाला नीट शिवता येत नाही. हे खोटं नव्हतं, पडदा खरंच चार बोटं उसवला होता. शनिवारी जाऊन मी तो आणखी हातभर उसवला.

रविवारी अप्पा आले. धुतलेला सदरा, छातीवर सुई, काळा दोरा. पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीवर मी माझा रुमाल टाकून ठेवला होता. म्हटलं, "अप्पा, तुमची जागा ही." त्यांनी खुर्चीकडं बघितलं, पडद्याकडं बघितलं, "होगु, बर्तीनि," म्हणाले, तू हो पुढं, येतो मी, आणि डावीकडून पडद्यामागं गेले. माणसं यायला लागली. आमच्या देवळातली मंडळी आली, भाऊ आला, पुण्याच्या बाई आल्या. दिवे मंद झाले. रुमाल खुर्चीवर तसाच.

नाटक सुरू झालं. ती नटी दोन महिने माझ्याकडं येऊन बसत होती, सूर नीट करून घेत होती, आता तिचं बोलणं पुष्कळच आईवर गेलं होतं, आणि सगळं पाठ होऊन वहीही बाजूला राहिली होती. आई गिऱ्हाइकाला झापायला लागली तशी देवळातल्या म्हाताऱ्या हसल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "अगदी तश्शीच हो!" मी त्याच रांगेच्या टोकाला बसून ऐकत होते, पण माझा डोळा त्या खुर्चीवर. पडदा शिवायला हा एवढा वेळ? मला कळून चुकलं, अप्पा मागच्या दारानं घरी गेले. पहिलं मराठी वाक्य ऐकलं असेल आणि निघून गेले असतील. पाच महिने मी जे मांडलं ते त्या रिकाम्या खुर्चीसमोर चाललं होतं. माझ्या डोळ्यांना धार लागली. राग तर असा आला होता, की उठावं आणि तो रुमाल तरी उचलून आणावा.

शेवट आला. लाकडावर कडी वाजली. ती उठली, तिनं बांगड्या मागं सारल्या, अडसर काढला, वरची कडी काढली, दार उघडलं. तोंड उघडलं. आणि थांबली.

मी मनात मोजायला लागले. एक. दोन. तीन. चार.

आणि डाव्या विंगेतून आवाज आला. हळू, स्पष्ट, नटापर्यंत पोचेल एवढाच सोडलेला, आणि तरी पहिल्या रांगेत ऐकू आलेला.

"अय्यो, सुई काढा मोदलु. मग पोरीला घ्या."

खालून सुरू होऊन वर गेलेला सूर. रागावल्यासारखा, आणि त्यात राग नाही. अप्पांच्या म्हाताऱ्या गळ्यातून माझी आई बोलली होती.

नटी शिकलेली मुलगी, विंगेतून वाक्य आलं की उचलायचं हे तिच्या हाडात. तिनं दारातल्या माणसाकडं बघून तेच वाक्य मोठ्यानं म्हटलं, आत्ता ऐकलं त्याच सुरात. दिवे गेले. टाळ्या झाल्या म्हणे. मला त्या आठवत नाहीत. मला आठवतं ते एवढंच, की मी अंधारात बसले होते आणि मला कळत होतं की चार-चार महिने वाट बघितल्यावर आईचं पहिलं वाक्य माझ्यासाठी होतं. अप्पांच्या छातीवरची सुई मला टोचू नये म्हणून. आणि ते ऐकायचं तर मीच पांघरुणात झोपलेली होते.

मी धावत विंगेत गेले. अप्पा पडद्याला टेकून उभे होते. पडदा केव्हाच शिवून झाला होता. चेहरा रागानं लाल.

"काय गं ही पोरगी!" अप्पा म्हणाले. "एवढं सगळं पाठ केलं आणि शेवटचं वाक्य विसरली? मी होतो म्हणून निभावलं. तुम्ही लोक प्रॉम्प्टर ठेवत नाही काय?"

सगळं मराठीत. त्यांच्या ते ध्यानातही नव्हतं. मला सांगता आलं असतं की अप्पा, ती विसरली नव्हती, तिथं थांबायचंच होतं. मी हात पसरून तशीच पुढं झाले.

अप्पांनी तळहात वर केला. "थांब."

मी थांबले. त्यांनी छातीवरची सुई काढली, काळ्या पडद्यात खोचली, आणि सदऱ्यावरून एकदा हात फिरवला.

"हं," म्हणाले. "ये आता."